डबी रिकामी आहे, नाना

नाना,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. माझ्या हातून जे झालंय त्यानंतर तो शब्द लिहायला हात धजेना. जन्मभर तुमच्याशी अहिराणीत बोलले आणि पत्र मात्र मराठीत येतंय, ही शाळेची सवय. तेवढं चालवून घ्या.

आज लिहायला बसले, कारण काल गिनाबाई येऊन गेली. धडगावकडची, दरवर्षी ब्राह्मणपुरीला कापूस वेचायला येते ती. तिचा मुलगा दिलवर तिथंच एका शेतमालकाकडे सालदार होता. तिला दिलवरचा फोटो हवा होता, तुम्ही काढलेला. मागच्या खेपेला आली तेव्हा मी तिला खोटं सांगून परत पाठवलं. काल ती ओट्यावर बसूनच राहिली आणि मला खरं सांगावं लागलं. तिला सांगितलं, मग तुम्हालाच का म्हणून अंधारात ठेवू?

फोटो गेले, नाना. सगळे.

लग्नाचे अल्बम लोकांच्या कपाटात आहेत, ते सुखरूप आहेत. गेले ते तुमचे सिंगल. जुन्या निगेटिव्हवरून तुम्ही एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घेतलेलेही गेले, आणि त्या निगेटिव्ह तर बुरशी लागली म्हणून तुम्हीच फेकून दिल्या होत्या. म्हणजे आता मागे वळून जायला काही उरलेलंच नाही.

तुम्हाला तुमचे सिंगल मी काय सांगणार! पण मला ते एकदा लिहून काढायचंय. लग्नाची ऑर्डर घेतली की पंगती उठेपर्यंत तुम्ही घरामागची एखादी सावलीची भिंत हेरून ठेवायचात. तिथल्या खिळ्यांना निळी चादर अडकवायची, खुर्ची टाकायची आणि मांडवातले म्हातारे एकेक करून धरून आणायचे. टोपी सरळ करा. पदर नीट घ्या. इकडे बघा. झालं, एक सिंगल! ते काढायला कुणी सांगितलेलं नसायचं, आणि अल्बममध्येही ते लागायचे नाहीत. गावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायचे. मग कधीतरी त्या घरचं कुणी सुतकी तोंडानं आपल्या दारात यायचं, आणि तुम्ही काही न विचारता खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसायचात.

कळसाडीचे दगडूआप्पा तर तुम्हाला बघितलं की मांडवातून काढता पाय घ्यायचे! मी लहान होते, तुमची बॅग सांभाळायला आले होते, तेव्हाचं त्यांचं ओरडणं अजून कानात आहे. "नाना, तू फोटू काढस आनि मानूस मरी जास! मी काय बठत नही!"

"फोटू काढाघाई कोनी मरत नही, आप्पा," तुम्ही म्हणालात. "पन मानूस मरी गया का मंग सिंगल निंघत नही. बठा!"

आप्पा बसले. पुढं पुष्कळ वर्षं जगले आणि प्रत्येक लग्नात तुम्हाला चिडवत राहिले.

मीच एकदा तुम्हाला म्हणाले होते ना, की आता घरोघरी मोबाइल आहेत, तुमच्या सिंगलला कोण विचारतं? तुम्ही रागावला नाहीत. "मोबाइलमाना फोटू मोबाइलसंगे जास," एवढंच म्हणालात. आणि मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून मला विचारलंत, "पन हाऊ बंद पडना ते मन्हा लोके कोठे जातीन?"

लोके म्हणायचात तुम्ही. फोटो नाही, फाइल नाही. "मन्हा लोके."

नंदुरबारच्या कॉलेजात मी कॉम्प्युटरची मॅडम! अकरावीच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते: बॅकअप म्हणजे एकाच माहितीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. आणि माझ्या बापाचा कॉम्प्युटर शहाद्याला, एसटीनं तासा-सव्वा तासाच्या वाटेवर, एकाच प्रतीवर चाललेला. तुम्ही फोन केलात की मी म्हणायचे, दिवाळीत करते. दिवाळीत पाहुणे. मग उन्हाळ्याच्या सुटीत करते. सुटीत पेपर तपासणी. तुम्ही कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाहीत, फक्त दर वेळी फोन ठेवताना त्या दुसऱ्या प्रतीचं विचारायचात, "मनी, त्यानं काय?" मी चिडायचे. किती चिडायचे हो मी!

शेवटी एका दिवाळीला ती काळी हार्ड डिस्क घेऊन आले. तुम्ही तिला डबी म्हणालात आणि मग घरात तिचं नाव डबीच पडलं. सकाळी कॉपीला लावलं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. तुम्ही जेवायलाही उठला नाहीत, ताट तिथंच मागवून घेतलंत. सगळं झालं तेव्हा मी डबी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती चादरीत बांधून कपाटात ठेवलीत, त्याच निळ्या चादरीत.

त्या दिवशी तुमचे लोक दोन ठिकाणी होते, नाना. खरंच होते. पाच-सहा महिने होते. त्या पाच-सहा महिन्यांसाठी तरी मी बरी मुलगी होते असं म्हणता येईल का?

मग तुमचा तो फोन आला. मी कॉलेजात होते, पेपरचे गठ्ठे समोर. तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटर फार हळू चालतोय, एक फोटो उघडायचा तर चहा पिऊन होतो. मी म्हणाले, "डबीत आहे ना सगळं? मग कॉम्प्युटरमधलं काढून टाका. हलका होईल." मिनिटभराचं बोलणं. फोन ठेवला आणि विसरले. पार विसरले. आईची शपथ घेऊन सांगते, तो फोन मला आठवायला हवा तेव्हा आठवलाच नाही, आठवायला नको तेव्हा आठवला.

आता एक विचारू? तुम्ही माझं कधी काही ऐकलंत? मीठ कमी करा म्हटलं तर वाटीत घेऊन लोणचं खाल्लंत. मोटारसायकल सोडा म्हटलं तर तळोद्याला जाऊन आलात आणि आल्यावर मला फोन करून सांगितलंत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही स्वतःच्या मनानं निम्म्या केल्यात. सगळं आयुष्य आपल्याच तंद्रीत काढलंत आणि नेमकी हीच एक गोष्ट लेकीच्या शब्दाखातर केलीत? का केलीत, नाना? एकदा उलट विचारायचं होतं, की मनी, मग दुसरी प्रत कुठली? तुम्ही तर चुका धरणारे. माझ्या दहावीच्या निबंधातल्या चुका तुम्ही लाल पेननं काढायचात!

पण नाही. हा राग तुमच्यावरचा नाही, मला कळतं.

माघात तुम्ही गेलात. सकाळी छातीत कळ आली, दुपारी नव्हतात. दारावर बसायला माणसं येऊ लागली. ओटा पुरेना, म्हणून पुढच्या खोलीतलं सगळं सामान आत ढकललं. त्यात कॉम्प्युटरही आत गेला, वायरी काढून, वर चादर टाकून. त्याच गर्दीत उत्तरकार्याच्या, गंधमुक्तीच्या बॅनरसाठी कुणीतरी फोटो मागितला.

अख्ख्या तालुक्याचे सिंगल काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक सिंगल नव्हता! मला वाटलं, डबीत कुठेतरी असाल. एखाद्या लग्नात कुणीतरी तुमचाच कॅमेरा घेऊन तुमचा काढला असेल. कॉम्प्युटर जोडायला जागा नव्हती, म्हणून कपाटातली डबी काढली आणि फ्लेक्सच्या दुकानात घेऊन गेले. त्याच्या मशीनला गावभरचे पेन ड्राइव्ह लागतात, हे मला कळायला नको होतं का? मी तर शिकवते ते! डबी लावली, आणि बघता बघता प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात बाण उमटला. ब्राह्मणपुरी, कळसाडी, धानोरा, सगळ्यांवर बाण. उघडायला गेलं की उघडेना.

"व्हायरस शे ताई," तो म्हणाला. "काही घाबरानं काम नही. मारी टाकसूत."

मी घाबरले नाहीच. मूळ घरी आहे म्हणून डबी पिशवीत टाकली आणि तुमच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून बॅनरला दिला. त्यात तुम्ही असे दिसता की पोलीस शोधत असावेत. आई अजून त्यावरून मला बोलते.

पुढचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

गंधमुक्तीचं शूटिंग करायचं असं ठरलं. कोणी ठरवलं? मीच हो म्हटलं. आजकाल सगळेच करतात, कीर्तन, पूजा, पंगती, वरून ड्रोन. तुम्हाला नसतं आवडलं. रडणाऱ्या माणसावर कॅमेरा धरायचा नाही हा तुमचा नियम होता. कार्यक्रम संपल्यावर शूटिंगवाला म्हणाला, ताई, फाइल फार मोठी आहे, एखादी हार्ड डिस्क द्या. मी पिशवीतली डबी दिली. त्यानं लॅपटॉपला लावून बघितली.

"ताई, याम्हा व्हायरस शे. फॉरमॅट मारू का?"

माझ्या हातात पानसुपारीचं ताट होतं. आत्या निघाली होती, तिला कुंकू लावायचं होतं. मी वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाले, "मारा. मूळ सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

त्यानं मारलं. आणि त्यावर तीन कॅमेऱ्यांचं आणि ड्रोनचं सगळं शूटिंग ओतलं, डबी भरेस्तोवर. तुमच्या लोकांच्या जागेवर तुमचंच उत्तरकार्य जाऊन बसलं, नाना. ते शूटिंग आजवर आमच्यापैकी एकानंही बघितलेलं नाही.

मला हे कळलं सव्वा महिन्यानं. कळसाडीचे दगडूआप्पा गेले आणि त्यांचा सुभाष आपल्या दारात आला. मी त्याला म्हणाले, बस, पाच मिनिटांत देते. चहाचं आधण ठेवलं. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणून वायरी जोडल्या, चालू केला, खरंच बराच हलका झाला होता. फोटोंची जागा उघडली. रिकामी. मी हसले हो! मला वाटलं, चुकीच्या ठिकाणी आले. दुसरीकडे बघितलं. तिसरीकडे बघितलं. मग टेबलाचा खण उघडला, तुम्ही काही टिपून ठेवलंय का बघायला. तुमची वही सापडली. त्यात तुमच्या त्या गोल अक्षरात होतं: 'मनीने फोनवर सांगितल्याप्रमाणे सर्व सिंगल डबीत आहेत याची खात्री करून कॉम्प्युटरमधील काढले. नवीनही यापुढे डबीतच टाकणे. कॉम्प्युटर आता बरा चालतो.'

खात्री करून! तुम्ही खात्रीसुद्धा केली होतीत.

चहा उतू गेला. सुभाष दारातून म्हणाला, "सापडना का, ताई?"

मी वही बंद केली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ये रे. मशीन जरा बिघडलंय."

तिथून ते सुरू झालं.

सुरतेला एक जण असं गेलेलं परत काढून देतो, असं कळलं. डबी आणि कॉम्प्युटरची डिस्क, दोन्ही घेऊन गेले. कॉम्प्युटरच्या डिस्कवर तुम्ही नंतर वर्षभर काम केलेलं, मध्ये एकदा दुरुस्तीवाल्यानं तीही फॉरमॅट केलेली. तिथं काहीच निघालं नाही. डबीतून थोडं निघालं. त्यानं ते पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलं आणि आधीच सांगून ठेवलं, बहेन, फार आशा ठेवू नका. घरी येऊन उघडलं. वर निळी चादर दिसते, पांढरी टोपी दिसते, कपाळ दिसतं, आणि भुवयांपासून खाली सगळं राखाडी. दुसरा उघडला, पदराचा काठ, भांग, आणि राखाडी. मी सगळे उघडले. डोळ्यांपर्यंत एकही पोचत नाही. तुम्ही असतात तर टोपीवरून माणूस ओळखलं असतं. मला एकही ओळखता आला नाही. डबीसुद्धा सुरतेहून परत आली ती मुकीच. लावली तर दिवाही लागत नाही तिचा.

आणि अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, तोंडावर आलीय. ज्यांच्या घरचं माणूस या वर्षात गेलं, ते पहिल्यांदा घागर भरणार. घागरीजवळ ठेवायला फोटो हवा. नानांकडे सिंगल असणारच, हे सगळ्यांना ठाऊक. धानोऱ्याची एक बाई सासूच्या फोटोसाठी तीनदा येऊन गेली. "नाना गयात, पन नानानं काम ते शे ना?" असं ती म्हणाली. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. सुभाष दोनदा आला. पुढच्या आठवड्यात या. माझ्या तोंडाला ते वाक्य इतकं बसलं, की दार वाजलं की तेच ओठावर यायचं.

आई सगळं ऐकत होती. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "कितला दिन फिरावशी त्यासले? खरं सांगी टाक ना वं!" मी तिच्यावर ओरडले. तुम्ही असताना या घरात तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

आता गिनाबाईचं सांगते.

दिलवर गेला हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्यानंतर महिनाभरात गेला. ऊसतोडीला गुजरातेत गेला होता, तिथं भरलेली ट्रॉली उलटली. त्याचा मोबाइल त्याच्या खिशातच होता, त्याचा चुरा झाला. त्यात होते तेवढे फोटो गेले. तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. आणि त्याची पोर आता बोलायला लागलीय. बाप कसा होता, विचारते. गिनाबाईला आठवलं, की ब्राह्मणपुरीला मालकाच्या मुलीच्या लग्नात नानांनी दिलवरला खुर्चीवर बसवून फोटो काढला होता. म्हातारा नव्हता तो, कोवळा पोरगा होता. मग का काढलात? नवा शर्ट घालून आला होता म्हणून? का त्यानंच मागितला? हे मला कधीच कळणार नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा मी तिलाही म्हणाले, पुढच्या आठवड्यात ये. धडगावहून, नाना! जीप बदलून, घाट उतरून येते ती. आणि ती आली, बरोबर आठव्या दिवशी.

काल सकाळी ओट्यावर बसली. घरी पावरी बोलते, आपल्याशी मोडकीतोडकी अहिराणी. "फोटू दे वं, बाई."

मी तिच्यासमोर खाली बसले. "गिनाबाई, फोटू नही शे. मन्हा हातघाई गया."

"कोठे गया?"

काय सांगू? "मशीनमाईन पुसाई गया."

"भेटत नही का आते?"

"नही."

आई पाणी घेऊन आली, गिनाबाईनं तांब्या घेतला, प्याली, तांब्या पालथा घालून ठेवला. मग म्हणाली, "नानानी त्याले कसा बठाडेल व्हता?"

मी म्हणाले, निळी चादर होती मागे. लाकडी खुर्ची होती. कारण ती तर सगळ्यांनाच असायची. पुढं मला काही सांगता येईना. मी तो फोटो बघितलेलाच नव्हता, नाना. तो माझ्या हातात होता, माझ्या पिशवीत होता, आणि मी कधी बघितला नाही. एकही नाही बघितला. दिवाळीत कॉपी चालू होती तेव्हा तुम्ही एकेकाचं नाव घेऊन सांगत होतात, हा अमक्याचा, ही तमक्याची, हा बघ कसा बसलाय. मी हं हं म्हणत मोबाइल बघत होते. दिवसभर.

"कसामा व्हता तो?" गिनाबाईनं विचारलं.

आतून डबी आणून दाखवली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई दे माले."

"हाई बंद शे, गिनाबाई. याम्हा आते काहीच नही." मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी परत पहिल्यापासून समजावायला लागले, वर्गात समजावते तसं.

तिनं हात वर करून मला थांबवलं. "समजनं माले. फोटू नही. पन याम्हा व्हता ना तो?"

"व्हता."

"मंग दे."

ती डबी द्यायचा मला काय हक्क होता? सुभाषचा बाप तिच्यात होता, धानोऱ्याच्या बाईची सासू होती. अख्खी गावंच्या गावं होती. मी आईकडे बघितलं. आईनं नजर खाली घातली. मी दिली. गिनाबाईनं ती पदरात गुंडाळली, पदर कमरेला खोचला आणि उठली.

फाटकापर्यंत गेली आणि वळली. "बाई, तो हासना व्हता का फोटूमा?"

नाना, 'हो' म्हणणं किती सोपं होतं! एवढ्या वेळा खोटं बोलले, त्यात आणखी एकदा. ती सुखानं घरी गेली असती, नातीला सांगितलं असतं. पण मी म्हणाले, "माले माहीत नही." तिनं मान हलवली आणि जीप धरायला गेली.

रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, असू दे, मनी, होतं असं. तसं म्हणू नका. मला माफ करायचा अधिकार तुमच्याकडे नाहीच; तो ज्यांच्याकडे होता ते सगळे खुर्चीवर बसून गेले. आता नवे सिंगल काढून ठेव, असं मला कुणी कुणी सांगतं. काढीन कदाचित. त्यानं गेलेल्यातला एक तरी परत येणार आहे का?

उद्यापासून मी कुणी दारात यायची वाट बघणार नाही. पहिल्यांदा कळसाडी, मग धानोरा. मीच जाईन आणि 'सापडत नाही' असं नाही, 'मी घालवला' असं सांगेन. बसा म्हणाले तर बसेन, नाही म्हणाले तर उभ्यानं ऐकून परत येईन.

आणि ब्राह्मणपुरीला जाईन. त्या लग्नात तुमच्या खुर्चीच्या आसपास कोण कोण उभं होतं, चादर कुणी अडकवली होती, पंगत कोण वाढत होतं, एकेकाचं घर शोधीन आणि विचारीन, की नाना फोटो काढत होते तेव्हा दिलवर हसला होता का. कुणाला आठवणार नाही, मला माहीत आहे. सालदाराच्या हसण्याकडे लग्नात कोण बघतं! तुम्ही बघितलं असेल, आणि तुम्ही नाही. तरी मी प्रत्येकाला विचारीन, हे तुम्हाला वचन.

तुमची,
मनी